धारची लोखंडी लाट आणि दोन प्रतलांमधील कोन

घनभूमितीचे उदाहरण समोर आले की आपल्यापैकी पुष्कळांची गाळण उडते. कागद सपाट, आकृती मात्र घन. त्यामुळे काटकोन तिरपा दिसतो आणि नेमका कोणता कोन मोजावयाचा हेच उमगत नाही. अशा वेळी कागद बाजूस ठेवून एखादी खरी वस्तू पाहावी. देवासहून इंदूरमार्गे धारला गेलो, तर ती अनायासे सापडते.

धार येथे १४०५ साली दिलावरखानाने बांधलेली लाट मशीद आहे. जिच्यावरून मशिदीस हे नाव पडले, ती प्राचीन लोखंडी लाट तेथेच तीन तुकड्यांच्या रूपाने उरली आहे. तुकड्यांची एकूण लांबी सुमारे १३ मीटर भरते. लाटेचा काही भाग चौरस, तर काही भाग अष्टकोनी आहे. भूमितीच्या भाषेत या दोन निरनिराळ्या चिती होत.

आता समजा, अशाच एखाद्या भग्न स्तंभाचा लहानसा अवशेष आपल्या हाती आला. त्यावर दोन पृष्ठे व त्यांमधील एकच कड शाबूत आहे. स्तंभ सुसम होता असे धरल्यास त्याला बाजू किती होत्या, हे सांगता येईल काय?

येईल. कडेवर कोठेही एक बिंदू घ्यावा. त्या बिंदूतून दोन्ही पृष्ठांवर कडेस लंब अशी एकेक रेषा काढावी. या दोन लंबांमधील कोन तोच प्रतलांमधील कोन. आणि सरळ चितीत तो पायाच्या कोनाइतकाच असतो. तो १३५ अंश भरला, तर बाह्यकोन १८० − १३५ = ४५ अंश. सर्व बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते; म्हणून ३६० ÷ ४५ = ८. स्तंभ अष्टकोनी ठरला!

परंतु रेषा लंबच का हव्यात? एक घन घ्या. त्याच्या एका शिरोबिंदूतून लगतच्या दोन पृष्ठांवर कर्ण काढा. हे दोन्ही कर्ण सामाईक कडेशी ४५ अंशांचा कोन करतात. त्यांची दुसरी टोके जोडणारी रेषा तिसऱ्या पृष्ठाचा कर्णच असते. तिन्ही कर्ण समान, म्हणून त्रिकोण समभुज आणि कर्णांमधील कोन ६० अंश. वास्तविक पृष्ठांमधील कोन आहे ९० अंशांचा! हेच ६० अंश खरे मानले, तर बाह्यकोन १२० अंश येईल आणि चौरस स्तंभास आपण त्रिकोणी ठरवून बसू.

गणितात चूक झाली तर दोन गुण जातील. अवशेषाच्या बाबतीत मात्र एका प्राचीन वस्तूचे रूपच आपण चुकीचे सांगू. म्हणून घनभूमितीत आकडेमोडीस हात घालण्यापूर्वी स्वतःस विचारावे: दोन्ही प्रतलांची सामाईक कड कोणती, आणि आपल्या रेषा तिला लंब आहेत ना? एवढे साधले की निम्मे उदाहरण सुटलेच म्हणावयाचे.