वाईट चित्रपटाचा रसास्वाद

चांगल्या चित्रपटाची स्तुती करण्यास धैर्य लागत नाही. परंतु जो चित्रपट समीक्षकांनी झोडपला, प्रेक्षकांनी टाकला आणि खुद्द दिग्दर्शकानेही पुढे फसला म्हणून मान्य केला, तो आपण दोनदा पाहिला व दोन्ही वेळा आपल्याला आनंद झाला, असे चारचौघांत सांगणे मोठे कठीण असते. ऐकणारे लगेच आपल्या अभिरुचीविषयी शंका घेतात. हा आनंद खरोखरच हीन अभिरुचीचे लक्षण आहे काय, की त्यालाही काही शास्त्र आहे, याचा आज थोडा विचार करू.

उदाहरण घरचेच घेऊ. तुकोगंजला तुकोजीराव होळकरांचे नाव आहे. पण त्याच्या आसपासचे दोन चौक लोकांच्या तोंडी रीगल आणि मधुमिलन या नावांनी आहेत, आणि ही दोन्ही नावे चित्रपटगृहांची. ज्या शहरात माणसे टॉकीजच्या नावाने पत्ता सांगतात, त्या शहराच्या चित्रपटप्रेमाला निराळा पुरावा नको. याच इंदुरात १९३५ साली जन्मलेले सलीम खान पुढे मुंबईस गेले आणि जावेद अख्तर यांच्यासह त्यांनी ‘शोले’ लिहिला. जय आणि वीरू ही नावे त्यांनी आपल्या इंदूरच्या मित्रांवरून घेतली, असे सांगितले जाते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो चित्रपट प्रदर्शित झाला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. त्याच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता, त्यांनाही ते संवाद पाठ झाले.

बत्तीस वर्षांनी, ३१ ऑगस्ट २००७ रोजी, ‘राम गोपाल वर्मा की आग’ या नावाने याच कथेचा नवा अवतार पडद्यावर आला. दिग्दर्शक नवशिका नव्हता. ‘रंगीला’, ‘सत्या’ आणि ‘सरकार’ हे चित्रपट त्याच्या नावावर जमा होते. नटसंचही साधा नव्हता. पूर्वी जयची भूमिका करणारे अमिताभ बच्चन येथे गब्बरच्या जागी ‘बब्बन’ झाले. ठाकूरच्या जागी मोहनलाल यांच्यासारखा थोर नट पोलीस अधिकारी नरसिंह म्हणून उभा राहिला. रामगढचे काळीगंज झाले, बसंतीची घुंगरू झाली आणि तिच्या टांग्याची रिक्षा झाली. गब्बर होळीची चौकशी करीत असे. बब्बन दिवाळीची करू लागला. ठाकूरचे दोन्ही हात गेले होते. नरसिंहाची बोटे गेली. पुढे या चित्रपटाची गणना हिंदीतील अत्यंत फसलेल्या चित्रपटांत होऊ लागली, आणि तेव्हापासून मित्रमंडळी जमवून तो मोठ्या आवडीने पाहणाराही एक वर्ग निर्माण झाला.

हे हसू येते कोठून? आपल्या प्राचीन रसशास्त्राने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वेषभूषेची चर्चा करताना असे दाखविले आहे की, अलंकार कितीही मौल्यवान असला तरी तो भलत्या ठिकाणी घातल्यास शोभत नाही. कमरेची मेखला छातीवर बांधली तर पाहणाऱ्याला हसूच येते. पुढे सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तांनी हा विचार आणखी पुढे नेला. कोणत्याही रसाची मांडणी अनुचित झाली म्हणजे रस उरत नाही, त्याचा आभास उरतो. आणि अशा आभासाची परिणती हास्यात होते. भय दाखवू गेले आणि भय वाटले नाही, तर तेथे नुसती पोकळी राहत नाही. तेथे हास्य येऊन बसते. बब्बन दिवाळीची तारीख विचारतो तेव्हा नेमके हेच होते. मेखला उत्तम आहे, पण ती छातीवर बांधली आहे.

या न्यायाने पाहिले तर असा आनंद मिळण्यास तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे कर्त्याचा प्रामाणिकपणा. मुद्दाम वाईट केलेला चित्रपट फार वेळ हसवू शकत नाही. कारण औचित्य साधण्याचा प्रयत्नच नसेल तर अनौचित्य तरी कशाचे? अमेरिकेतील एड वुड या दिग्दर्शकाच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ या चित्रपटाची कथा प्रसिद्ध आहे. त्यातील प्रमुख नट बेला लुगोसी १९५६ साली वारला. हाती त्याचे अगदी थोडे चित्रण होते. वुड यांनी त्याच्या जागी दुसरा एक उंच गृहस्थ उभा केला आणि सबंध चित्रपटभर त्याला अंगरख्याने तोंड झाकून फिरविले. १९८० साली एका पुस्तकाने या चित्रपटाला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरविले, आणि त्यानंतरच तो अमर झाला. त्या झाकलेल्या तोंडामागे चित्रपट पुरा करण्याची जी तळमळ आहे, तिच्यामुळे आपले हसू कडवट होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रेक्षकाची जाणकारी. ज्याने ‘शोले’ पाहिलाच नाही, त्याला ‘आग’ केवळ कंटाळवाणा वाटेल. मूळ राग कानात मुरलेला असेल तरच चुकलेला सूर ऐकू येतो. म्हणजे वाईट चित्रपटाचा आनंद घेणारा अभिरुचिहीन असतो, हा आक्षेप मुळातच उलटा आहे. त्याला चांगले काय ते पुरेपूर ठाऊक असते.

किंबहुना फसलेली नक्कल मूळ कृतीचे मर्म जसे शिकविते, तसे पुष्कळदा स्तुतिपर ग्रंथही शिकवीत नाहीत. ‘शोले’मध्ये होळीच्या दिवशी बंदूक समोर पडलेली असूनही ठाकूर ती उचलीत नाही. जय-वीरू संतापतात, प्रेक्षकही मनातून संतापतो. मग पूर्वकथा येते, आणि तिच्या अखेरीस वाऱ्याने शाल उडते व रिकाम्या बाह्या दिसतात. एका क्षणात मागचे सगळे प्रसंग नव्या अर्थाने उजळतात. शाल हे तेथे नुसते वस्त्र नाही. तो पटकथेचा पडदा आहे. हाताच्या जागी बोटे आली की दुःख उरते, पण तो एकाच दृष्टिक्षेपात उलगडणारा आघात उरत नाही. इंदूरच्या लेखकाने व त्याच्या सहकाऱ्याने किती बारीक वीण घातली होती, हे धागा निसटल्यावर दिसते.

तिसरी गोष्ट म्हणजे सोबत. करुण चित्रपट एकट्याने अंधारात पाहता येतो; फसलेल्या चित्रपटाला मात्र शेजारी कोणीतरी लागतो. आपल्याला जे विपरीत वाटले तेच त्यालाही वाटले, याची खूण पटणे हाच त्या हास्याचा अर्धा भाग असतो. रीगल टॉकीजचा पडदा आता मिटला आहे आणि चौकाला नाव तेवढे राहिले आहे. चित्रपट हातातल्या फोनवर आला. त्यामुळे वाईट चित्रपट कमी झाले नाहीत. ते ज्यांच्याबरोबर सुसह्य होत, ती माणसे मात्र पांगली. म्हणून असा चित्रपट पाहायचा तर चार जणांना घरी बोलावून, पोह्यांची बशी पुढे ठेवूनच पाहावा.

एक पथ्य मात्र सांगितले पाहिजे. चित्रपट वाईट असला तरी त्यात शेकडो माणसांचे श्रम असतात. ज्याचा हक्क डावलला गेला, त्याने न्यायालयात दाद मागावी. ‘आग’च्या बाबतीत तशी दाद मागितली गेली आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दहा लाख रुपयांच्या दंडात्मक भरपाईचा आदेश दिला. प्रेक्षकाचा न्याय निराळा असतो. त्याने महत्त्वाकांक्षेच्या घसरणीवर मनमुराद हसावे. परंतु कोणाच्या गरिबीवर, रूपावर किंवा बोलीवर हसू नये. जो चित्रपट स्वतःच दुर्बळांची टवाळी करतो, त्याच्याशी तर हसून समेट करण्याचे कारण नाही.

उत्तम कृती आपल्याला नम्र करते. फसलेली कृती आपल्याला सावध करते आणि थोडे उदारही करते. कारण योग्य साधने, योग्य माणसे आणि खरी इच्छा असूनही काम बिघडू शकते, हे सत्य ती हसत हसत पटवून देते. ज्याला हे पटले, तो चांगल्या चित्रपटाकडे अधिक कृतज्ञतेने परत जातो.