न पाहिलेल्या माणसांची चित्रे

अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात पूर्वी तिमुकुआ नावाचे लोक राहत. १५६४ साली फ्रेंचांची एक तुकडी तेथे वसाहत करावयास गेली. तिच्याबरोबर झाक ल म्वान नावाचा चितारी होता. तो वारल्यावर थिओडोर द ब्री या प्रकाशकाने त्याच्या विधवेकडून चित्रे घेतली आणि १५९१ मध्ये फ्रँकफुर्टला ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली. द ब्री स्वतः अमेरिकेस कधी गेला नव्हता. त्याच्या चित्रांत तिमुकुआंच्या हाती सोटे आहेत, ते ब्राझीलच्या तुपिनांबा लोकांच्या धर्तीचे. ज्या शंखातून ते पेय पितात तो हिंदी व प्रशांत महासागरांतला. फ्लोरिडाच्या समुद्रात तो मिळत नाही. तरीसुद्धा चारशे वर्षे तिमुकुआ म्हटले की हीच चित्रे पुढे येतात.

अशी जुनी चित्रे चित्रकारांपुढे ठेवून 'ही आता नव्याने काढा' असे सांगणारी स्पर्धा हा एक उपक्रम आहे. आपल्याला तिमुकुआंशी काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. तर त्याच द ब्रीच्या मुलांनी, बापामागे, आपल्या पश्चिम किनाऱ्याची चित्रेही छापली! लिन्स्खोतेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यास आला आणि आर्चबिशपच्या पदरी सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघाले, आणि द ब्री बंधूंनी लगेच ते आपल्या मालिकेत घेतले. शेत कसणारे, नावा हाकणारे, पालखी वाहणारे, सारे त्यात आहेत. पण त्यांचे दंड आणि मांड्या ग्रीक पुतळ्यांच्या. देवळातली मूर्ती तर शिंगे असलेला ख्रिस्ती सैतानच आहे. कोरणाऱ्याने गोवा पाहिला नव्हता, सैतान मात्र त्याच्या चर्चच्या भिंतीवर होता.

पुढे कॅमेरा आला, म्हणून खोटेपणा गेला असे नव्हे. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ मध्ये मुंबईच्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. माणसांची छायाचित्रे स्टुडिओत घ्यावयाची आणि मग ती दुसऱ्याच देखाव्यावर बसवावयाची, ही त्याची रीत. माणूस खरा, जागाही खरी, पण त्या माणसाचा त्या जागेशी संबंध नाही.

आता आपल्या नव्या मुंबईकडे येऊ. पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. येथील आगरी-कोळ्यांचे चित्र आज कोठे दिसते? स्वागतकमानीवर, हॉटेलच्या भिंतीवर: हातात भलामोठा मासा, तोंडभर हसू. हे चित्र अपमानकारक नाही, आणि म्हणूनच त्याची तपासणी कोणी करीत नाही. माझ्या मते येथील शाळांनी तिमुकुआंसारखी स्पर्धा घ्यावी, पण अट एकच घालावी: चित्रातले काम खरे पाहिजे. डोल हे जाळे फेकावयाचे नसते. ते खाडीत खुंटांना बांधून ठेवतात, त्याचे तोंड प्रवाहाकडे असते, आणि भरती-ओहोटीचे पाणीच मासळी आत आणून घालते. डोल फेकणारा कोळी ज्याने काढला त्याने कोळ्याला विचारलेले नाही, हे एका नजरेत कळते. मीठागराचेही तसेच. 'आगर' या शब्दावरून ज्यांचे नाव पडले त्यांच्या चित्रात मिठाचे वाफे नसावेत, हे कसे?

(कामगार चळवळीने या बाबतीत फार मान वर करू नये. आमच्या फलकांवरचा कामगार नेहमी हातोडा उगारलेला, पिळदार दंडाचा. तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर पोते घेऊन गाडी उतरविणाऱ्या माथाडीच्या हाती हातोडा कोणी पाहिला आहे?)

दुसरा धोका म्हणजे सूड म्हणून सजविणे. परक्याने रानटी रंगविले, म्हणून आपण प्रत्येकाला राजा करावयाचे. त्यातही माणूस हरवतोच.

तिमुकुआ काढणाऱ्याची अडचण मोठी आहे. १७६३ मध्ये स्पेनने फ्लोरिडा सोडला तेव्हा उरलेली मूठभर माणसे क्यूबास गेली. आज विचारावयास कोणी नाही. पारेखा नावाच्या पाद्र्याने १६१२ पासून मेक्सिकोत छापलेली त्यांच्या भाषेतली पुस्तके आणि उत्खननात मिळालेल्या वस्तू, एवढ्यावर भागवावे लागते. आपल्याकडे विचारावयास माणसे आहेत, परंतु जागा झपाट्याने पुसल्या जात आहेत. विमानतळासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला. ज्या म्हातारीने त्या खाडीत शिंपले वेचले, ती आज नातवाला बोट दाखवून सांगू शकते की पाणी कोठपर्यंत येत असे. तो नातू म्हातारा होईल तेव्हा त्याला सांगणारे कोणी नसेल.

म्हणून प्रत्येक मुलाने चित्राच्या मागे लिहावे की मूळ चित्र कोणते, त्यातले काय बदलले, आणि ते कोणाला विचारून. परीक्षकांत ड्रॉइंगमास्तर एक असावा. बाकीचे दोघे डोल लावलेले आणि मीठ ओढलेले असावेत.