पहाटेची पोटदुखी (लेखमाला – तातडीची घटका : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात विंचूदंशाबद्दल लिहिलं होतं. आपल्याच रायगडात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय यांवरून लाल विंचवाचं विष ओळखायला शिकवलं, प्राझोसिनची साधी गोळी उपचारात आणली आणि कितीतरी मुलं वाचली. पण विंचू चावला हे निदान कळतं तरी. मण्यार चावलेलं कित्येकदा कळतच नाही.

दहिवलीच्या आसपासच्या वाड्यांवर लावणीच्या दिवसांत दमलेलं घर जमिनीवर अंथरूण टाकून झोपतं. धान्यापाशी उंदीर येतात, उंदरांच्या मागावर मण्यार. ती रात्री फिरणारी. झोपेत तिच्यावर हात पडला की चावते. दात इतके बारीक, की बरेचदा वण दिसत नाही. सूज नाही, आग नाही. मुंगी चावली असेल म्हणून माणूस कूस बदलतो.

पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. घरचे ओवा देतात. दवाखान्यात अपेंडिक्सची शंका येते, नाहीतर अन्नातून विषबाधेची. म्हणून माझं ठाम मत आहे, की पावसाळ्यातल्या अशा पोटदुखीला ‘काय खाल्लं होतं?’ याच्याही आधी ‘रात्री कुठे झोपला होतात?’ असं विचारावं. मग पापण्या पाहाव्यात. त्या उचलत नसतील, एकाचे दोन दिसत असतील, थुंकी गिळता येत नसेल, मान सावरत नसेल, तर निदान समोर उभं आहे. एका दमात किती आकडे मोजता येतात तेही पाहावं आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजायला लावावं. मघाशी तीसपर्यंत गेलेला माणूस आता बारावरच थांबला, तर विष श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचलं आहे.

सगळ्यात जास्त फसवते ती रक्ताची चाचणी. काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त घेऊन ते २० मिनिटं न हलवता ठेवतात. घोणस किंवा फुरसं चावलं असेल, तर ते गोठत नाही. मण्यारीच्या दंशात मात्र व्यवस्थित गोठतं, कारण तिचं विष रक्तावर नाही, नसांवर जातं. ‘रक्त गोठलं, म्हणजे विष नाही’ असं म्हणून रुग्णाला घरी पाठवलं, तर तो संध्याकाळ पाहीलच असं नाही.

हे विष नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथली नसेची टोकंच निकामी करतं. प्रतिविष रक्तातलं मोकळं विष पकडतं, मोडलेली टोकं जोडत नाही. म्हणून ते लवकर द्यायचं. सुरुवातीला साधारण १० कुप्या, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने मुलाला विष कमी दिलेलं नसतं. प्रतिविषाची ॲलर्जी उसळली, तर अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत. मुलाला वजनाप्रमाणे कमी. ते आधीच भरून हाताशी ठेवलेलं बरं. निओस्टिग्मिन देऊन पाहतात. नागाच्या दंशात त्याचा गुण चांगला दिसतो, मण्यारीत बहुधा कमी.

खरा आधार श्वासाचा. कर्जतहून पनवेलला किंवा कल्याणला हलवायचं, तर निघण्याआधीच श्वास तपासावा. तो कमी पडत असेल तर नळी घालूनच निघावं, आणि काही झालं तरी हाताने दाबायची अंबू बॅग आणि ती चालवणारा माणूस गाडीत हवाच. नसांची नवी टोकं फुटेपर्यंत, म्हणजे काही दिवस, कधी त्याहून जास्त, यंत्राने श्वास दिला की माणूस चालत घरी जातो.

राजस्थानच्या वाळवंटात ‘पीवणा’ नावाचा साप झोपलेल्याचा श्वास पिऊन जातो असं मानतात. दंशाची खूण नाही आणि सकाळी श्वास बंद, हे मण्यारीचं लक्षण लोकांनी अचूक टिपलं होतं.

यंत्रावरच्या अशा रुग्णाच्या पापण्या मिटलेल्या असतात, बाहुल्या कधी विस्फारून स्थिर होतात, बोट हलत नाही. मेंदू गेला असं वाटतं, नातेवाइकांना तसं सांगितलंही जातं. पण मण्यारीचं विष सहसा मेंदूत शिरत नाही. तो माणूस बहुधा शुद्धीत असतो, खाटेशी चाललेलं बोलणं ऐकत असतो. त्याच्या कानाशी वाकून त्याचं नाव घ्यावं, काय झालंय ते सांगावं, हात धरावा. झोपेचं औषधही द्यावं, कारण जागेपणी काहीच हलवता न येणं फार भयंकर असतं.

पुढच्या आठवड्यात : शेतातली फवारणी आणि आकसलेल्या बाहुल्या.