डोंगर चढताना इंधन, उतरताना ब्रेक

आजचा विषय आहे बॅथर्स्टची १००० किलोमीटरची मोटार शर्यत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेला साधारण २०० किलोमीटरवर बॅथर्स्ट नावाचं गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर माउंट पॅनोरमा हा डोंगर. या डोंगरावरून जाणारा ६.२ किलोमीटरचा वेढा म्हणजेच शर्यतीचा मार्ग. एरवी हा सरकारी रस्ता असतो. कडेला लोकांची घरं, वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर. शर्यतीच्या दिवशी याच रस्त्याच्या सरळ उतारावर गाड्या ३०० च्या आसपास जातात.

गाड्याही दिसायला घरगुती. अनेक वर्षं त्या बहुतेक चार दरवाजांच्या, फोर्ड किंवा होल्डन कंपनीच्या असत, आतून मात्र संपूर्ण बदललेल्या. एका गाडीला दोन चालक, ते आळीपाळीने चालवतात. ही शर्यत १९६३ पासून या डोंगरावर होते, १९७३ पासून ती १००० किलोमीटरची झाली. म्हणजे १६१ फेऱ्या आणि सहा-सात तास.

आता एक गणित करू. मार्गाच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या जागेत १७४ मीटरचा फरक आहे. गुणिले १६१. उत्तर येतं २८ किलोमीटर! समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट तीनदा चढूनही थोडं उरेल इतकी उभी चढाई, आणि तेवढीच उतराई. चालकाचं कौशल्य, वळणं, भिंतीला चाटून जाणाऱ्या गाड्या हे सगळं आहेच. पण माझ्या मते ही शर्यत समजून घ्यायची तर हा २८ किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवावा.

आधी चढ. दीड टनाची गाडी १७४ मीटर उचलायला सुमारे २५ लाख ज्यूल ऊर्जा लागते. इंजिन इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं, त्यामुळे नुसत्या ‘उचलण्या’साठी दर फेरीला पाव ते अर्धा लिटर इंधन जातं. २००९ पासून या गाड्यांत ८५ टक्के इथेनॉल असलेलं इंधन वापरू लागले. आपल्या ऊसपट्ट्यातल्या मंडळींना इथेनॉल नवं नाही. त्यात लिटरमागे पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून टाकी लवकर रिकामी होते.

याचा हिशेब २०१४ साली भल्याभल्यांना महाग पडला. त्या दिवशी ग्रिफिन्स बेंड या वळणावर रस्त्याचं डांबरच उखडलं. शर्यत थांबवून दुरुस्ती करावी लागली आणि सगळं मिळून जवळपास आठ तास गेले. शेवटी आघाडीवर होता जेमी विनकप, आधी चार वेळा जिंकलेला. त्याचा संघ रेडिओवरून पुन्हा पुन्हा सांगत होता, इंधन वाचव. तो वेग कमी करायला तयार नव्हता. शेवटच्या फेरीत इंधन संपत आलं, गाडी मंदावली आणि चाझ मॉस्टर्ट पुढे निघून गेला. मॉस्टर्ट आणि त्याचा जोडीदार पॉल मॉरिस यांनी सुरुवात केली होती सर्वांत मागून, २५ व्या जागेवरून. विनकप पाचवा आला.

आता उतार. चढताना साठवलेली ऊर्जा उतरताना परत मिळते खरी, पण वेगाच्या रूपात, आणि वेग पुढच्या वळणाआधी कमी करावाच लागतो. ताशी ३०० वरून १५० वर यायचं म्हणजे वेग निम्मा, पण ऊर्जा तीन चतुर्थांश काढून टाकायची. ती सगळी ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन शिरते. तेवढ्यात सुमारे बारा लिटर पाणी उकळीला येईल. काही सेकंदांत, आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच. म्हणून अशा शर्यतीत ब्रेकचे पॅड मध्येच बदलावे लागतात.

मी हे बोलतोय जयपूरजवळच्या बस्सीतून. इथून आग्रा रस्त्याने जयपूरकडे जाताना अरवलीतला ‘घाट की गुणी’ लागतो. आता तिथे बोगदा झाला, पण घाट म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर ट्रक येतो. ३० टनांचा ट्रक १०० मीटर खाली उतरला की सुमारे ९० लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. ही सगळी एकट्या ब्रेकवर टाकली तर लायनर तापून घसरू लागतात, पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून खालचा गिअर. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक थंड राहतात.

२० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका मोठ्या वाहनाने पुढच्या अनेक गाड्यांना धडक दिली. आधी ब्रेक निकामी झाल्याची चर्चा होती. नंतर तपासात पुढे आलं ते वेगळंच: डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलेलं होतं.

यात वाचतं किती? आजच्या इंजिनात गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल जळतच राहतं. म्हणजे खालच्या गिअरमध्ये उतरणारा जास्त वाचवतो. आणि इंजिन पूर्ण बंद केलं तर एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो, कारण तो इंजिनवरच चालतो. मग टाकीत जेवढी हवा आहे तेवढीच, आणि दर वेळी ब्रेक दाबला की ती कमी होत जाते. स्टिअरिंगही त्याच वेळी जड झालेलं असतं.