डबा कोरडा तर बॅटरी सुरक्षित

पवना धरणावर गळ टाकायला जाणारी तळेगावची काही मुलं आता कयाकवर फिशफाइंडर लावतात. पाण्याखालचा तळ आणि मासा पडद्यावर दाखवणारं हे छोटं यंत्र १२ व्होल्टवर चालतं.

मागच्या सुट्टीत आमच्या धाकट्याने यूपीएसची ७ अँपिअर-तासांची बॅटरी जेवणाच्या डब्यात बसवली. फ्यूज मात्र लावला नाही. भर पाण्यात तारेचे उघडे सांधे एकमेकांना टेकले, तार तापली, जळका वास सुटला. त्याने क्लिप उपटली म्हणून निभावलं, अल्हम्दुलिल्लाह. इकडे मगरिबची अजान होऊन गेली तरी त्याचा फोन लागेना. आमची काय अवस्था झाली असेल!

घरी डबा उघडला तर आत वाटीभर पाणी. झाकण घट्टच होतं. पाणी शिरलं होतं तारेसाठी पाडलेल्या भोकातून. तिथे रबरी केबल ग्लँड हवी. तारेला भोकाखाली झोल दिला की थेंब तिथेच गळून पडतात. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच लावावा, यंत्राच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढ्याच अँपिअरचा. यंत्र अर्धा अँपिअर घेत असेल तर निम्मी बॅटरी सात तास पुरते. ती पूर्ण उतरवू नये. चार्जिंग नेहमी डब्याबाहेर, कारण अशा बॅटरीतून वायू सुटू शकतो.

मग आम्ही रिकाम्या डब्यात रद्दी कागद कोंबला, वर वीट ठेवली आणि अर्धा तास बादलीत बुडवला. कागद ओला निघाला. ग्लँड पुन्हा आवळली. तिसऱ्या खेपेला कागद कोरडा निघाला, तेव्हाच बॅटरी आत गेली. लाइफ जॅकेट मात्र त्याच्या अम्मीने स्वतः बांधून दिलं.