क्रमांक १६६

मुंबई पोलिसांच्या इतिहासात नाव झालं ते चकमकफेम अधिकाऱ्यांचं, टोळ्या मोडणाऱ्यांचं. त्यांच्यावर सिनेमे निघाले, पुस्तकं आली. ‘मिसिंग’ची नोंदवही सांभाळणाऱ्या फौजदाराच्या वाट्याला असलं काही येत नाही. अंधेरी पश्चिमेच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले मात्र याच कामामुळे ओळखले गेले.

२००८ ते २०१५ या काळात या ठाण्याच्या हद्दीतून १६६ मुली बेपत्ता झाल्या. त्यातल्या १६५ भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढल्या.

हा आकडा वाचायला सोपा आहे. पण हरवलेल्या मुलींची प्रकरणं एका साच्यातली नसतात. एखादी घरी ओरडा बसला म्हणून निघून गेलेली असते, एखादीला कुणी लग्नाच्या आमिषाने फूस लावलेली असते, तर एखादीला सरळ उचलून नेलेलं असतं. सुरुवातीला यातलं नेमकं काय घडलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. मग शेजारीपाजारी, मैत्रिणी, शाळा, रेल्वे स्थानकं, बालगृहं, रुग्णालयं अशी पायपीट. त्यात पुन्हा बंदोबस्त, सणवार, व्हीआयपी दौरे सांभाळून. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ खटल्यात बजावलं, की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असं गृहीत धरून गुन्हा नोंदवा. तोवर देशात अनेक ठिकाणी नुसती ‘हरवल्याची नोंद’ व्हायची आणि तपास तिथेच थंडावायचा.

या निकालाच्या चार महिने आधीची गोष्ट. २२ जानेवारी २०१३ रोजी सात वर्षांची एक मुलगी भावासोबत महापालिकेच्या शाळेत निघाली. खाऊच्या पैशांवरून भावंडांचं भांडण झालं आणि ती मागे पडली. शाळेत ती पोचलीच नाही. भोसल्यांच्या यादीत हीच मुलगी क्रमांक १६६ ठरली. सेवेतली उरलेली दोन वर्षं त्यांनी तिचा माग काढला, पण हाती काही लागलं नाही. मे २०१५ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा ही एक फाईल उघडीच होती.

निवृत्त पोलिसाला तपासाचा अधिकार नसतो. भोसल्यांपाशी उरला तो तिचा फोटो. तो ते जवळ बाळगत. ते तिच्या घरी जात राहिले, ठाण्यात चौकशी करत राहिले. असं सात वर्षं चाललं. वृत्तपत्रांनी त्यांची ही धडपड छापली आणि ‘गर्ल नंबर १६६’ हे नाव मुंबईबाहेरही पोचलं.

४ ऑगस्ट २०२२ रोजी ती सापडली. आता ती सोळा वर्षांची होती, आणि घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर राहत होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला पळवून कर्नाटकातल्या वसतिगृहात ठेवलं. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं, तेव्हा तिला परत आणून बाळ सांभाळायला आणि घरकामाला जुंपलं. मारहाणही होत असे.

सुटका झाली ती एका घरकाम करणाऱ्या बाईमुळे. जिथे ही मुलगी बाळ सांभाळायला जायची तिथेच ती कामाला होती. मुलीने तिला आपली हकिगत सांगितली. बाईने तिचं नाव आणि हरवल्याचं साल टाकून इंटरनेटवर शोध घेतला, तर २०१३ मधलं ‘हरवली आहे’चं पोस्टर निघालं. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद. पाचवा लागला, तो जुन्या शेजाऱ्याचा. व्हिडिओ कॉलवर आईने लेक ओळखली. वडील मात्र त्याच्या काही महिने आधी वारले होते.

भोसल्यांनी तिला शोधलं असं म्हणता येणार नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. मूल वर्षानुवर्षं सापडलं नाही की तपास अधिकारी बदलतात, नवी प्रकरणं येतात आणि जुनी फाईल तळाशी जाते. ही फाईल तळाशी गेली नाही, हे त्यांचं श्रेय. त्याचबरोबर, मुलगी हाकेच्या अंतरावर असताना एवढा मोठा काळ कुणाला पत्ता लागला नाही आणि अखेर एका चालू नंबरावर सारं अवलंबून राहिलं, हे यंत्रणेचं अपयशही नोंदवावं लागेल.

शेजारच्या घरात बाळ सांभाळणारी लहान मुलगी दिसली, ती शाळेत जात नसली, तर तिची विचारपूस करा. शंका आली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. हा फोन मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.