कॉलेजच्या ट्रेकचा फॉर्म आणि अब्बूंची सही

गेल्या डिसेंबरात इशाच्या नमाजनंतर एक पालक आमच्या घरी आले. एरंडोलात त्यांचं छोटं गॅरेज आहे. मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी, आता जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी समोर ठेवला.

"सर, हे पाहा. कॉलेजचा ट्रेकिंग ग्रुप पाटणादेवीला चाललाय. शनिवारी जायचं, रात्री पायथ्याला तंबूत मुक्काम, रविवारी परत. पोरगी दोन दिवसांपासून नीट जेवत नाही. सही करू की नको, तुम्हीच सांगा."

असाच प्रश्न चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पालकांनी विचारला होता. तेव्हा आम्ही हातातला चहाचा कप खाली न ठेवता "कशाला ती भानगड, राहू द्या" असं म्हणून मोकळे झालो. ती मुलगी गेली नाही. पुढे शिबिर असो की वक्तृत्व स्पर्धा, तिने घरी पुन्हा कशाचीच परवानगी मागितली नाही. ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. म्हणून यावेळी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्या रात्री जी चर्चा झाली, ती इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे मांडतो.

जागा कशी आहे?

पाटणादेवी चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी आहे. हा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. वर कण्हेरगड किल्ला आहे, घाटाच्या पलीकडे पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी आहेत. थोर गणिती भास्कराचार्यांचा ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने इथे मठ काढला होता. तशी नोंद असलेला तेराव्या शतकातला शिलालेख इथेच सापडला. विज्ञान शिकणाऱ्या मुलीला ही जागा पाहावीशी वाटली, यात नवल काहीच नाही.

पण हे जंगल आहे, इथे बिबट्या आहे. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय फिरता येत नाही, मुक्काम तर नाहीच. त्यामुळे पहिला प्रश्न हाच: परवानगी घेतली आहे का, आणि तंबू नेमके कुठे लागणार?

भीती खोटी नाही

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या समाजातली मुलं-मुली होती. त्या बातमीनंतर कित्येक घरांत 'सहल' हा शब्दच बंद झाला. आई-वडिलांची भीती समजण्यासारखी आहे, तिला मागासलेपण म्हणू नये. मात्र भीतीचं रूपांतर प्रश्नांत करता येतं. आम्ही त्या पालकांना हे प्रश्न लिहून दिले:

सोबत कोण शिक्षक आहेत, आणि मुलींसाठी महिला प्राध्यापक रात्रीच्या मुक्कामालाही थांबणार आहेत का? मुलींचे तंबू वेगळे आणि महिला प्राध्यापकांच्या शेजारी आहेत का? रात्री शौचालयाची सोय काय? वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर आहे का? प्रथमोपचाराची पेटी आणि एक गाडी पायथ्याशी थांबणार का? कुंडात किंवा धबधब्यात उतरायला सक्त मनाई आहे का? डोंगरात मोबाइलला रेंज नसते, मग घरी निरोप कधी आणि कुठून मिळणार?

जो आयोजक या प्रश्नांवर चिडतो, त्याच्यासोबत मुलगाही पाठवू नये. हो, मुलगाही. हे प्रश्न फक्त मुलींसाठी नाहीत.

नमाज, सफर आणि खाणं

आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. तरी ढोबळ गोष्टी सांगतो. हनफी फिकहनुसार साधारण ७७ किलोमीटरच्या पुढचा प्रवास 'सफर' धरला जातो. मग जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिबमध्ये बदल नाही. स्त्रीने महरमशिवाय प्रवास करण्याचा मसलाही याच अंतराशी जोडलेला आहे. काही उलमा सुरक्षित आणि भरवशाच्या सोबतीचा विचार करतात, काही करत नाहीत. एरंडोलहून पाटणादेवी याच अंतराच्या आसपास पडते. त्यामुळे व्हॉट्सॲपवरचा फतवा न शोधता रस्त्याचं अंतर मोजावं, सोबत कोण आहे ते सांगावं आणि आपल्या आलिमांना समोर बसून विचारावं. त्या पालकांनीही तेच केलं.

पाणी हाताशी असेल तर वजू करावाच लागतो, थंडीचा कंटाळा म्हणून तयम्मुम चालत नाही. किबल्याबाबत एक चूक हमखास होते. मुलं मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभी राहतात. खान्देशातून किबला पश्चिमेपासून जरासा उत्तरेकडे आहे, आणि डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो. म्हणून होकायंत्र पाहावं. पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी सगळे खाली आलेले असतील, तर मगरिबही वेळेवर होते आणि अंधारात उतरण्याचा धोकाही टळतो.

खाण्याचं सोपं आहे. भरीत, कळण्याची भाकरी, खिचडी असा शाकाहारी बेत ठेवा म्हणून ग्रुपला सांगितलं, तर कुणाचंच अडत नाही.

बॅगेत काय असावं?

चांगली पकड असलेले, आधीपासून वापरातले बूट. नवे बूट पहिल्याच दिवशी टाचा सोलतात. दोन ते तीन लिटर पाणी, टॉर्च, ओआरएस, स्वेटर आणि जाड चादर, कारण खान्देशात थंडीच्या रात्री पारा १० अंशांच्या खालीही जातो. मुलींसाठी पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता, पायघोळ नसलेली सलवार आणि पिनांनी नीट बसवलेला स्कार्फ बरा. मोठा घेर किंवा लोंबती ओढणी काट्यांत अडकते, उतारावर पायात येते. पर्दा आणि चढण दोन्ही जमतं, कपडा विचार करून निवडावा लागतो.

मग सही झाली का?

दुसऱ्या दिवशी ते पालक स्वतः कॉलेजात गेले. सगळी उत्तरं मिळाली, फक्त गाडीचं नक्की नव्हतं. त्यांनी ते लावून धरलं आणि ग्रुपने एक जीप पायथ्याशी थांबवण्याचं कबूल केलं. त्याचा फायदा सगळ्याच मुलांना झाला. मग सही झाली. रविवारी रात्री मुलगी परतली, टाच सोललेली, आवाज बसलेला. अम्मीने आधी पाय पाहिले, मग रागावल्या, मग गरम पाणी ठेवलं.

प्रत्येक वेळी 'हो' म्हणा, असं आमचं म्हणणं नाही. उत्तरं समाधानकारक नसतील तर खुशाल नकार द्या. पण मुलीला शेजारी बसवून कारण सांगा: जीप नाही म्हणून, महिला प्राध्यापक नाहीत म्हणून. कारण कळलं तर ती पुढच्या वेळी पुन्हा विचारेल. चार वर्षांपूर्वी आम्ही दिलेल्या नकाराला कारणच नव्हतं, आणि त्या मुलीने विचारणंच सोडलं.